वरवंट्याला कान नसतात

१

चायना ग्रास उकळताना घाई केली की आत बुडबुडे राहतात. हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नाही, मुनिराआपांनी शिकवलं. वीस वर्षं त्या लग्नांना आणि ईदच्या दावतींना चायना ग्रासची दुधाळ जेली पुरवायच्या. मग गुडघे गेले, चुलीपुढचं उभं राहणं होईना, आणि त्या आमच्या चिकलठाण्याच्या गाळ्यात आल्या. आता त्यांच्या पातेल्यात दुधाऐवजी ग्राफाइटची काळी पूड पडते, साखरेऐवजी ग्लिसरीन, आणि माल सडू नये म्हणून थोडं औषध. बाकी हात तोच.

"हलवायचं नाही बेटा, फिरवायचं," त्या सांगतात. "हलाएंगे तो हवा घुसती."

आम्ही खोटं मांस बनवतो. सोनोग्राफीचं यंत्र नीट दाखवतं की नाही हे तपासायला, शिकाऊ डॉक्टरांचा हात बसवायला. खरा माणूस त्यासाठी तासन्‌तास आडवा पडून राहत नाही, आमचा ठोकळा राहतो. आम्ही त्याला नमुना म्हणतो. बाहेरून बघाल तर राखाडी रंगाची मोठी वडी. आत गाठी असतात, रक्तवाहिन्या असतात, सगळ्या आम्हीच घातलेल्या. एकदा वरचा थर ओतून बंद केला की आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. यंत्र आत आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा, आणि जो आवाज परत येतो त्याचं चित्र काढतं.

माझं काम सगळ्यात शेवटी. ठोकळ्यावर प्रोब, म्हणजे यंत्राची आवाज सोडणारी मूठ, टेकवायचा, मापं घ्यायची, कागदावर सही करायची. मागच्या स्टोअररूममध्ये यंत्र ठेवलंय. तिथं खिडकी नाही, दाराला काळा पडदा आहे आणि भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी. यंत्र आलं की पाटी आलीच, मग पोट चायना ग्रासचं का असेना.

२

माझी लेक श्रेया तेव्हा आठ महिन्यांची होती. छावणीतल्या आमच्या घराचा जिना मी रोज दोनदा उतरायचे. एकदा खाली जाऊन परत वर यायचे, ती श्वास घेतेय ना ते बघायला. सासूबाई गंगापूरहून तिला सांभाळायलाच आल्या होत्या. त्यांनी चार लेकरं वाढवली होती, तीसुद्धा श्वास न मोजता, आणि माझ्याकडे बघून त्या नुसत्या मान हलवायच्या. प्रणय, माझा नवरा, म्हणायचा, "तू पोरीचीपण तपासणी करतेस. सही करून टाक एकदाची आणि जा."

त्या आठवड्यात आमच्याकडे पहिल्यांदाच गर्भाच्या नमुन्याचं काम आलं. बाहेरगावच्या एका संस्थेला हवा होता, वीस आठवड्यांचा, पोटासकट. आमचे मालक काकासाहेब आधी दातांच्या कवळ्या बनवायचे. मेणात कोरायला बसले की जेवण विसरतात. त्यांनी वीतभर लांबीचं बाळ कोरलं. मिटलेल्या पापण्या, मिटलेलं तोंड, बोटांची नखं, आणि कान. मी विचारलं, कानाच्या आतल्या वळ्या यंत्रात कुठं दिसणार? "दिसू नाय तर नाय," ते म्हणाले. "आपल्याला माहीत पाहिजे की हाय."

मेणावरून साचा, साच्यातून घट्ट जेलीचं बाळ. पाठीला अंगठ्याएवढा दांडा, त्यावर ते पोटाच्या पोकळीत पक्कं बसणार. मग पोकळीत पाणी, आणि वरून बंद. पण त्या मंगळवारी दुपारी ते अजून बंद व्हायचं होतं, स्टीलच्या ताटात उघडंच पडलेलं होतं. काकासाहेब बाहेर गेले होते. आम्ही डबे उघडत होतो तोवर झाडूवाल्या लक्ष्मीबाई ताटाशी येऊन थबकल्या.

"अगं बया. लेकरूच की हे."

"नमुना आहे, लक्ष्मीबाई."

"आसंल नमुना. नाव काय ठिवलं?"

"नमुन्याला कुठं नाव असतं?"

"पोटातून भाईर आलंय, पोटात चाललंय, अन्‌ नाव नाय? ह्याला काय अर्थय?" त्यांनी पदर खोचला. "चला, बारसं करू. आपा, तुमी तिकडनं धरा."

मुनिराआपा हसत उठल्या. "हमारी गल्लीत एक बारसा मेरे बगैर नहीं हुआ."

दोघींनी ताट टेबलाच्या वरून दिलं, खालून घेतलं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या. वरून, खालून. मी हसून हसून पाणी प्यायले. मग लक्ष्मीबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी आत्या. कानात कुर्र करा."

मी वाकले. कानाला ग्लिसरीनचा गोडूस वास येत होता. मागून दोघींनी पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली, आत्याच्या पाठीत घालतात तसे, आणि मुनिराआपांचा हात चांगलाच वजनदार आहे. मला काही म्हणजे काही नाव सुचेना. आठ महिने तोंडात एकच नाव होतं. कुर्र केलं आणि जिभेवर जे होतं ते सांगून टाकलं.

"काय ठिवलं?"

"नाही सांगत," मी म्हटलं आणि भेंडीची भाजी खाल्ली.

३

बुधवारी सकाळी नमुना बंद झाला. बुधवारी संध्याकाळी मी घरी आले, चपला काढल्या आणि हाक मारली, "श्रेया!"

ती डब्याच्या झाकणाशी खेळत होती. खेळत राहिली.

झाकण मोठं आकर्षक होतं, हे मलाही मान्य. मी पुन्हा हाक मारली. सहाव्या महिन्यापासून ती नावाला वळत होती, गर्रकन, सगळं अंग वळवून, कधी कधी तोल जाऊन पडायची. आता तिच्या पाठीवर काहीच हललं नाही. मी चमचा खाली पाडला. ती लगेच वळली आणि मला बघून दोन दात दाखवून हसली.

गुरुवारी मी वही केली. मला वही केल्याशिवाय भीती नीट वाटत नाही. कुकरची शिट्टी: वळते. दाराची बेल: वळते. ‘माऊ’: वळते. ‘प्रणय’: वळते, बाबाला शोधते. ‘श्रेया’: नाही. ‘श्रेया’ जोरात: नाही. ‘श्रेया’ कानाशी: नाही. मोठ्या आवाजाला ती दचकायला हवी होती, तेवढीही दचकली नाही. जणू मी तोंड उघडलं आणि मिटलं, मधे काहीच झालं नाही.

"दात येतेत," सासूबाई म्हणाल्या. "दातांत लेकरं कुठं ध्यान देतेत?"

"माझ्याकडेपण दुर्लक्ष करते," प्रणय म्हणाला. "तुझ्यावर गेलीये." पण त्यानं रात्रीच डॉक्टरांची वेळ घेतली, म्हणजे तोही घाबरला होता.

क्रांती चौकाजवळच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या, कानात आवाज सोडले. मी शेजारच्या स्क्रीनवरच्या रेघा बघत होते. आवाज आत जात होता. परत येणाऱ्या लाटा स्वच्छ होत्या, माझ्या कुठल्याही नमुन्याहून स्वच्छ.

"कान उत्तम आहेत," ते म्हणाले.

"मग नावाला का वळत नाही?"

"कधीपासून म्हणालात?"

"बुधवारपासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवसही झाले नाहीत. थोडी वाट बघू. दोन महिन्यांनी आणा, तोवर बाकीच्या गोष्टींवर लक्ष ठेवा."

बाकीच्या गोष्टी म्हणजे काय ते मी मोबाईलवर शोधलं. आयांनी वाचू नये ते सगळं मी वाचलं, आणि प्रत्येक ओळीत मला माझी लेक दिसली.

४

सोमवारी गर्भाच्या नमुन्याची माझी तपासणी होती. पडदा ओढला, प्रोब टेकवला. स्क्रीनवर काळं पाणी, त्यात बाळ. आराखड्याप्रमाणे बरोबर एका कुशीवर. कपाळ, नाक, हनुवटी अशी बाजूची रेघ. काकासाहेबांचं नाक सुरेख आलं होतं. डोकं सत्तेचाळीस मिलिमीटर. मांडीचं हाड बत्तीस. एकही बुडबुडा नाही, मुनिराआपांना शाबासकी.

मोबाईल थरथरला. सासूबाईंचा फोन. एक हात प्रोबवर ठेवूनच मी तो खांद्याशी धरला. "हां मम्मी, काय करतेय श्रेया?"

स्क्रीनवरची नाकाची रेघ गेली.

तिच्या जागी दोन गोल काळे खड्डे आले, शेजारी शेजारी. डोळ्यांच्या खोबणी. आता बाळाचं तोंड सरळ माझ्याकडे होतं.

हात घसरला, मी म्हटलं. हाताकडे बघितलं. प्रोब ठोकळ्यावर पेनानं काढलेल्या चौकटीत होता, चौकटीच्या रेघेला रेघ लावून. "आगं, ऐकतीस ना? खिचडी खाल्ली तिनं," सासूबाई सांगत होत्या. मी फोन ठेवला आणि श्वास रोखून बसले. मिनिटभरानं डोळ्यांच्या खोबणी एकमेकींत मिसळल्या, आणि नाक परत आलं.

दांडा सैल झाला असेल. पोकळीत पाणी आहे, पाण्यात वस्तू फिरते. खोलीचं तापमान बदललं. टेबलाला धक्का लागला. कारणं मी भराभरा लिहून काढली, आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. फक्त दांडा अंगठ्याएवढा जाड होता आणि तो मी स्वतः ओढून बघितला होता.

५

दुसऱ्या दिवशी मी शहाण्या माणसासारखी चाचणी केली.

"एक. दोन. तीन." काही नाही.

"काकासाहेब. चहा. क्रांती चौक." काही नाही. अंधाऱ्या खोलीत जेलीच्या ठोकळ्याला चौकांची नावं सांगणारी बाई बाहेरून कशी दिसत असेल, हा विचार आला आणि मी जरा हसले. मग म्हटलं, "श्रेया."

ते वळलं. सावकाश. आधी हनुवटी, मग गाल, मग कपाळ, झोपेतलं मूल आवाजाच्या दिशेनं वळतं तसं. आणि तिथंच थांबलं, माझ्याकडे तोंड करून.

पाच वेळा केलं. पाचही वेळा वळलं. आमच्या शिक्षणात पाचपैकी पाच आले की आधी चाचणीच चुकलीय असं धरतात, म्हणून मी मुनिराआपांना आत बोलावलं. काही न सांगता म्हटलं, "आपा, इथं बघून श्रेया म्हणा."

"श्रेया," त्या म्हणाल्या. "श्रेया बेटा." स्क्रीन जशीच्या तशी. "क्या देखना है?"

"आता मी म्हणते." आणि मी म्हटलं.

मुनिराआपांनी माझं मनगट धरलं. त्या स्क्रीनच्या आणखी जवळ वाकल्या. यंत्राचा पंखा तेवढा घुमत होता.

"ये कायकू हिलरा?" त्या शेवटी म्हणाल्या. मग अगदी हळू, मराठीत, "बेटा, त्या दिवशी तू त्याच्या कानात काय सांगितलं?"

मी सांगितलं.

त्यांनी ओढणी डोक्यावर ओढून घेतली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. "मेरेकू परत आत नक्को बुला," म्हणाल्या आणि पडद्याबाहेर गेल्या.

६

लक्ष्मीबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, झाडूला टेकून.

"ताई, तुमच्या लेकीच्या बारशात आधी वरवंटा ठिवला व्हता का न्हाई पाळण्यात?"

ठेवला होता. सासूबाईंनी त्याला कुंचीसुद्धा घातली होती.

"आधी दगुड निजवतेत, मग लेकरू. त्याला झुलवतेत, त्याला नटवतेत, समदं करतेत. पर नाव नाय सांगत त्याला कुणी. वरवंट्याला कान नसतेत, म्हणून तर त्याला ठिवतेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, दया होती, आणि ती जास्त वाईट होती. "आमचीच चूक. मस्करी केली. आमाला काय ठावं तुमी लेकीचंच नाव देसाल."

"मग परत कसं घ्यायचं?"

"कसं म्हंजे? दिलं तसं. कानातच मागून घ्यायाचं."

"कान आत आहे, लक्ष्मीबाई. वरून बंद झालंय."

"मंग कापा," त्या म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

मी एम.टेक.ची अर्धी पदवी घेतलेली बाई आहे. (उरलेली अर्धी श्रेयाच्या वेळी राहिली.) वरवंटा, कुर्र, कानातलं नाव परत मागणं, हे मी कुणासमोर मोठ्यानं बोलू शकले नसते. म्हणून काकासाहेबांना सांगितलं की बाळ आत सैल झालंय, नमुना पाठवू नये. ते लगेच आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले, प्रोब इकडून तिकडून फिरवला, मोठमोठ्यानं बोलत राहिले. बाळ एका कुशीवर, आराखड्यातल्यासारखं. मी गप्प होते. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं. का उघडलं नाही ते मला अजून सांगता येत नाही. एखाद्याच्या झोपलेल्या लेकराला पाहुण्यांना दाखवण्यासाठी उठवू नये, तसं काहीतरी वाटलं.

"फर्स्टक्लास बसलंय मॅडम," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारी गाडी येणार. तुम्ही जरा झोप घ्या. माझ्या सूनबाईचंबी पहिल्या लेकरात असंच झालतं, भिंतीवरची घड्याळं सुदीक तिच्याशी बोलायची."

७

शुक्रवारी सकाळी मी श्रेयाचे दोन्ही गाल हातांत धरले आणि तोंडासमोर तोंड नेऊन तिचं नाव घेतलं. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं, फिरत्या पंख्याकडे बघतात तसं. बघितलं, आणि मग नजर खिडकीकडे गेली.

दहा वाजता मी पडद्याआड होते. वडीच्या कडा तासायची आमची एक लांब, पातळ सुरी आहे, ती बरोबर घेतली होती. कान नेमका कुठं आहे हे कळल्याशिवाय कापता येत नव्हतं, म्हणून आधी प्रोब टेकवला.

ते माझ्याकडेच बघत होतं.

मी अजून काही बोलले नव्हते. खुर्ची ओढली होती, एवढंच. स्वतःला म्हटलं, बोटानं कानाची जागा धर, बाजूनं उतरती सुरी घाल, चार बोटं खोल. पाणी वाहून जाईल. मग पोकळी उघडी पडेल, आत हात घालता येईल. सोपं होतं. मी असले ठोकळे शंभर वेळा कापले आहेत.

"श्रेया," मी म्हटलं. माफी मागायच्या आधी नाव घेतात तसं निघालं ते.

मेणात मिटलेलं कोरलेलं ते तोंड उघडलं. मिटलं. भोवतीचं काळं पाणी जरासं आत ओढल्यासारखं झालं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

वीस आठवड्यांची असताना माझ्या पोटातली लेक मी अशाच खोलीत, अशाच स्क्रीनवर बघितली होती. डॉक्टरबाईंनी बोट ठेवून दाखवलं होतं, बघा, पाणी पितेय. मी तेव्हा रडले होते आणि प्रणयनं माझी ओढणीच मला डोळे पुसायला दिली होती.

सुरी मी कधी खाली ठेवली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी ठोकळा दोन्ही तळव्यांनी धरून बसले होते आणि तो थंड नव्हता. यंत्र तापतं, खोली बंद असते, हात गरम असतात. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा मी कागदावर सही केली. स्पंजच्या पेटीत त्याला मीच ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. तोंड वरच्या बाजूला येईल असं ठेवलं.

८

"नाव बदलू या," मी त्या रात्री जेवताना म्हटलं.

प्रणयनं घास तसाच धरला. "जन्मदाखला झालाय. आधार काढलंय. त्यात फोटोत ती आधीच कुणीतरी दुसरीच दिसते."

"बदलू या," मी पुन्हा म्हटलं. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो हसला नाही.

सासूबाईंनी कारण विचारलंच नाही. "मला पयल्यापासून सोनिया ठिवायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "इचारलं कुणी?" रविवारी शेजारच्या चार बायका बोलावून त्यांनी सगळं पुन्हा केलं, आणि आत्याच्या जागी त्याच वाकल्या. मी पाठीत बुक्के घालायला गेले नाही, दारातच उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "सोनिया, इकडं बघ." आणि माझी लेक गर्रकन वळली, सगळं अंग वळवून, तोल जाऊन धपकन बसली. मी लाटणं टाकून धावले. मी म्हटलं, सोनिया. वळली. सोनू. वळली. वीस वेळा म्हटलं, ती वीस वेळा वळली आणि शेवटी कंटाळून रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं? थोडी वाट बघायची असते.

त्यांचं बरोबर असेल. लेकरं आठवडाभर एक गोष्ट विसरतात आणि दुसरी शिकतात. मी तसंच धरून चालले. जुनं नाव घरात कुणी घेत नव्हतं. एकदा प्रणयच्या तोंडून चुकून निघालं तेव्हा मीच दचकले. सोनिया भिंतीवरची मुंगी बघत होती, बघत राहिली.

९

पुढं दीड महिन्यानं, एका सुट्टीच्या सकाळी, नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळे त्या दिवशी सगळं घर पिंपांभोवती असतं. सासूबाई गच्चीवर होत्या, प्रणय खाली मोटरीशी. मी मोरीच्या दाराशी पाइप धरून उभी होते तेव्हा फोन आला.

"मॅडम, मी सदफ. संस्थेतून बोलतेय, सोनोग्राफी शिकतेय. कागदावर तुमची सही आणि नंबर होता म्हणून तुम्हालाच लावला. तुमचा नमुना आहे ना, बाळाचा, तो आम्हाला पाठच दाखवतोय."

"पाठ?"

"हो ना. कसाही प्रोब धरा, पाठ. सगळ्यांना. सर म्हणतात बसवतानाच उलटा बसला असेल."

"नाही," मी म्हटलं. "एका कुशीवर आहे. मी स्वतः तपासलाय."

"एक मिनिट मॅडम, दोन्ही हात भरलेत, तुम्हाला स्पीकरवर टाकते." तिकडं एसीचा आवाज आला, खोलीचा पोकळ आवाज आला. "हां, बोला. कुठून धरू?"

"नाभीची खूण आहे बघा ठोकळ्यावर. तिच्या वर दोन बोटं."

"तिथंच धरलाय. पाठ... अरे!" ती हसली. "आलं! मॅडम, आलं. काय केलं तुम्ही?"

"मी काहीच केलं नाही."

"अख्खा चेहरा आला. अय्यो, किती गोड आहे."

मी नाव घेतलं नव्हतं. नीट आठवून बघितलं. नाही म्हटलं, कुशीवर म्हटलं, दोन बोटं म्हटलं. पिंप भरून पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं आणि मला पाइप उचलायचं सुचत नव्हतं.

"मॅडम? गप्प नका बसू ना, गप्प बसलात की ते परत वळतंय. योगायोगच असेल, पण बोलत राहा. मला फक्त डोक्याचं माप घेऊ द्या."

काय बोलणार? "खोली फार थंड ठेवता का?" मी विचारलं.

"एसी सोळावर असतो. यंत्रासाठी."

"थोडा वाढवा."

"बरं."

"आणि संध्याकाळी जाताना त्याच्यावर काही घालता का? कापड वगैरे?"

"प्लास्टिकचं कव्हर आहे."

"सुती घाला. प्लास्टिक नको."

मागून गुडघ्यांचा आवाज आला, ओल्या फरशीवर थप थप. माझ्या ओढणीला ओढ बसली आणि तिला धरून सोनिया उभी राहिली. तिचा श्वास मला मांडीवर जाणवत होता.

"आई," ती म्हणाली.

पहिल्यांदा. बाबा झालं होतं, माऊ झालं होतं, आज्जीसुद्धा झालं होतं. वहीत या शब्दासाठी मी एक ओळ कोरी ठेवली होती. नुसती मान वळवायची होती.

"मॅडम? वळत चालली परत, वळत चालली."

"आहे," मी म्हटलं. "मी आहे इथंच."

"हां, थांबली."

"आई," पुन्हा मागून. ओढणी जोरात ओढली गेली, मग त्याहून जोरात.

मान वळवली की आवाज फोनपासून लांब जाईल, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. तिकडे सोळावर एसी होता. तिकडे सगळ्या परक्या बायकांना पाठ दाखवून कुणीतरी दीड महिना वाट बघत होतं. मी ओल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि बोलत राहिले. दिवा डोळ्यांवर येऊ देऊ नका म्हटलं. प्रोब फार दाबू नका म्हटलं. माप झालं का, घ्या सावकाश, मला काही घाई नाही, म्हटलं.

ओढणीवरची मूठ सैल झाली. फरशीवर थप थप परत गेलं, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

तिसऱ्यांदा तिनं हाक मारली नाही.